खुब्याचं फ्रॅक्चर, चालू असलेलं क्लोपिडोग्रेल आणि ८.२ हिमोग्लोबिन: सोलापुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ७६ वर्षांच्या, वजन ४६ किलो. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या, चाळीस-पन्नास वर्षं विड्या वळलेल्या. इथे त्यांना आजीच म्हणतो. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. मी या प्रकरणात भूलतज्ज्ञ होतो, त्यामुळे सगळं टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूने पाहिलेलं आहे, हे वाचताना लक्षात असू द्या.

मे महिना, पारा बेचाळीसच्या पुढे. मंगळवारी रात्री आठच्या सुमारास आजी मोरीत घसरून डाव्या कुशीवर पडल्या. उठता येईना. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला होता, सून आणि शेजारणींनी उचलून खाटेवर ठेवलं. बुधवारी सकाळी त्यांना जवळच्या गावात हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने तेल लावून चोळलं, पाय ओढला, कामट्या लावून पट्टी बांधली. रात्री कळा असह्य झाल्या. गुरुवारी सकाळी सातला आजी आमच्या कॅज्युअल्टीत आल्या, म्हणजे पडल्यापासून ३५ तासांनी.

एक्स-रेत डाव्या बाजूचं इंटरट्रोकँटरिक फ्रॅक्चर, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जे दोन उंचवटे (ट्रोकँटर) असतात त्यांच्यामधून मोडलेलं, तुकडे झालेलं, आतल्या बाजूचा लहान ट्रोकँटर सुटा. पट्टी सोडली तेव्हा मांडी ताणलेली आणि उजवीपेक्षा उघड जाड दिसत होती. नाडी १०८, रक्तदाब ११०/७०, जीभ कोरडी. दीड दिवसात लघवी कितीदा झाली, हे कुणालाच नीट सांगता आलं नाही.

सुनेने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी दोन औषधं एकत्र असलेली गोळी. अडीच वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला होता, तेव्हापासून ही गोळी अखंड चालू. "बंद करा असं कुणी म्हटलंच नाही की ओ डॉक्टर," सून म्हणाली, आणि ते खरंच होतं. शेवटची गोळी बुधवारी सकाळची. जुनी फाइलही तिने जपून आणली होती आणि तिचा पुढे चांगला उपयोग झाला: स्टेंटच्या वेळचं हिमोग्लोबिन ११.४ होतं.

आता ते ९.१ भरलं. मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारं क्रिएटिनिन १.३.

अडचण

रक्तस्राव म्हटलं की ऑपरेशन थिएटरमधली सक्शनची बाटली डोळ्यांसमोर येते. या फ्रॅक्चरमध्ये ती बाटली निम्मीसुद्धा गोष्ट सांगत नाही. खुब्याच्या सांध्याभोवती घट्ट आवरण असतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. मांडीच्या हाडाची मान कॅप्सूलच्या आत मोडली तर रक्त फार पसरायला जागाच नसते. ट्रोकँटरचा भाग कॅप्सूलच्या बाहेर आहे. तिथलं हाड जाळीदार आणि भरपूर रक्त असलेलं, आणि भोवती मांडीचे मोठे स्नायू. मोडलेल्या टोकांतून रक्त झिरपत राहतं, स्नायूंमध्ये साठतं. मांडीत एक लिटर रक्त सहज मावतं आणि बाहेरून फक्त सूज दिसते. त्यात इथे मोडलेलं हाड तेल लावून चोळलेलं होतं आणि रक्त पातळ करणारी दोन औषधं चालू होती.

म्हणजे रक्तस्राव मंगळवारी रात्री आठ वाजता सुरू झाला होता. शुक्रवारी आम्ही चीर देणार होतो, ती त्याच रक्तस्रावाचा पुढचा टप्पा होती. तरुण डॉक्टरांना हे प्रकरण सांगताना मी याच मुद्द्यावर अडून बसतो, कारण केसपेपरवर "इंट्राऑप ब्लड लॉस" (शस्त्रक्रियेत गेलेलं रक्त) असा रकाना असतो आणि "पडल्यापासूनचा ब्लड लॉस" असा रकाना कुठेच नसतो.

९.१ हा आकडाही फसवा होता. उन्हाळा, पोटात पाणी नाही, म्हणून रक्त घट्ट झालेलं. सावकाश सलाइन दिल्यावर संध्याकाळी पाचला पुन्हा तपासलं तेव्हा ८.२. दरम्यान रक्त गेलं असेल तर थोडंच गेलं असेल. मुख्यतः खरा आकडा आत्ता दिसत होता.

क्रिएटिनिनचंही तसंच. १.३ पाहून "किंचित वाढलंय" म्हणून पुढे जाण्याची सवय सगळ्यांना असते. ४६ किलोच्या ७६ वर्षांच्या बाईच्या अंगात स्नायूच इतके कमी की क्रिएटिनिन तयारच थोडं होतं. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने हिशेब केला तर क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडांचा रक्त साफ करण्याचा वेग, मिनिटाला २७ मिलिलिटरच्या आसपास येतो. सलाइननंतर क्रिएटिनिन १.१ झालं, तेव्हा ३२. रक्तस्राव कमी करण्यासाठी आणि नंतर गुठळी होऊ नये म्हणून जी औषधं द्यायची, ती दोन्ही मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. त्यामुळे हा हिशेब पुढच्या प्रत्येक मात्रेच्या मागे होता.

शरीरातलं एकूण रक्त किलोमागे ६५ मिलिलिटर धरलं तर आजींच्या अंगात ते जेमतेम तीन लिटर. ऐंशी किलोच्या गड्याचं अर्धा लिटर रक्त गेलं तर तो सोसतो. इथे अर्धा लिटर म्हणजे सहावा हिस्सा, आणि तोही स्टेंट असलेल्या हृदयाच्या वाट्याचा.

समोरचे पर्याय

पहिला आणि सगळ्यात जास्त वाद झालेला प्रश्न: थांबायचं की नाही?

क्लोपिडोग्रेल प्लेटलेटला, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशींना, कायमचं निकामी करतं. नव्या प्लेटलेट तयार होऊन परिणाम ओसरायला पाच ते सात दिवस लागतात. बुधवारची गोळी धरली तर पुढच्या सोमवार ते बुधवारपर्यंत थांबायला हवं. फिजिशियनचा सुरुवातीचा कल थांबण्याकडे होता आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं: अॅनिमिया आहे, हृदय नाजूक आहे, निदान रक्त तरी गोठू द्या.

सर्जनचं म्हणणं उलट. पाच दिवस खाटेवर म्हणजे न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात गुठळी, मतिभ्रम. आणि त्या पाच दिवसांत मोडलेली टोकं हलत राहणार, प्रत्येक वेळी बेडपॅन देताना थोडं थोडं रक्त जात राहणार. रक्त वाचवायला थांबायचं आणि थांबण्यातच रक्त घालवायचं, असा तो प्रकार झाला असता. हाड पक्कं बसवणं हाच रक्तस्राव थांबवण्याचा एक मोठा उपाय आहे. खुब्याच्या फ्रॅक्चरची शस्त्रक्रिया केवळ क्लोपिडोग्रेलसाठी लांबवू नये, असंच आज मार्गदर्शक सूचना सांगतात. लवकर करण्यालाही मर्यादा आहे, हेही सांगायला हवं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या हिप अटॅक या चाचणीत २,९७० रुग्णांमध्ये निदानानंतर सहा तासांत शस्त्रक्रिया करण्याचं लक्ष्य ठेवून पाहिलं गेलं, तुलनेच्या गटात साधारण एक दिवस गेला. मृत्यूंमध्ये ठोस फरक पडला नाही, मतिभ्रम मात्र कमी झाला. म्हणजे जिवावर उदार होऊन मध्यरात्री टेबलावर घ्यायची गरज नव्हती, पण सोमवारपर्यंत रेटायचीही नव्हती.

ठरलं ते शुक्रवारी सकाळी नऊ.

हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला. स्टेंटला अडीच वर्षं झाली असल्याने क्लोपिडोग्रेल बंद करायला त्यांनी लगेच होकार दिला. अॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम चालूच ठेवायला सांगितलं. स्टेंट असलेल्या माणसाची दोन्ही औषधं एकदम तोडायची नाहीत, यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

दुसरा प्रश्न भुलेचा. या शस्त्रक्रियेला आमच्याकडे एरवी पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालची भूल देतात. क्लोपिडोग्रेल घेऊन दोन दिवस झालेल्या रुग्णाच्या पाठीत सुई घातली आणि मणक्याच्या नळीत रक्त साठलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. ती वाट बंद. म्हणून पूर्ण भूल, आणि वेदनेसाठी जांघेत सोनोग्राफीखाली फॅशिया इलियाका ब्लॉक, म्हणजे खुब्याकडे जाणाऱ्या नसा बधिर करणारं इंजेक्शन. ही सुई वरवरची असते, रक्त आलंच तर बाहेरून दाबता येतं.

तिसरा प्रश्न ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडचा. १९६२ साली जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधलेलं हे औषध. रक्ताची गुठळी झाली की शरीर ती विरघळवायलाही लागतं. हे औषध त्या विरघळण्याला अडवतं. नवी गुठळी ते तयार करत नाही, झालेली टिकवतं. २०१० च्या क्रॅश-२ चाचणीत वीस हजारांहून जास्त जखमींवर ते तपासलं गेलं आणि मृत्यू कमी झाले, पण फायदा दुखापतीनंतर पहिल्या तीन तासांत दिलं तरच. आजी तर ३५ तासांनी आल्या. मग आता द्यायचं कशाला, असं आमच्या रेसिडेंटने विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर असं की शस्त्रक्रिया ही नवी जखम आहे आणि तिच्यासोबत गुठळ्या विरघळण्याची लाट पुन्हा येते. चीर देण्याआधी दिलेलं औषध त्या दुसऱ्या लाटेसाठी असतं.

पण स्टेंट? २०२२ च्या पॉइज-३ चाचणीत हृदयाव्यतिरिक्त इतर शस्त्रक्रियांच्या ९,५३५ रुग्णांना हे औषध किंवा प्लासिबो (औषध नसलेलं, दिसायला तसंच इंजेक्शन) दिलं. गंभीर रक्तस्राव औषध घेतलेल्यांत ९.१ टक्के, न घेतलेल्यांत ११.७ टक्के. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या तक्रारी १४.२ विरुद्ध १३.९ टक्के. आकडे जवळपास सारखे, तरी "धोका वाढत नाही" हे ठरवलेल्या निकषाने सिद्ध झालं नाही. म्हणजे रक्तस्रावातला फायदा पक्का, सुरक्षिततेची खात्री जवळजवळ पूर्ण, पण शंभर टक्के नाही. नुकता झटका येऊन गेला असता किंवा स्टेंट दोन महिन्यांचा असता तर मी दिलं नसतं. अडीच वर्षांच्या स्टेंटला आणि ८.२ हिमोग्लोबिनला मी देण्याच्या बाजूने होतो. फिजिशियनही तयार झाले.

मात्रा मात्र किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमचा एकच अँप्यूल, एकदाच, नंतर ड्रिप नाही. कारण वर सांगितलेला ३२ चा आकडा.

चौथा प्रश्न रक्त कधी चढवायचं. २०११ सालच्या फोकस चाचणीत खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले २,०१६ रुग्ण होते. हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की रक्त देणं, आणि ८ च्या खाली गेलं किंवा लक्षणं दिसली तरच देणं, या दोन पद्धतींत ६० दिवसांनंतरचे मृत्यू आणि चालण्याची क्षमता यांत फरक दिसला नाही. म्हणून आमचा उंबरठा ८ आणि लक्षणं. पण ती चाचणी शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांची. आधीच ८.२ असताना टेबलावर घ्यायचं का, याचं सरळ उत्तर तिच्यात नाही. फिजिशियन म्हणाले, एक पिशवी आदल्या रात्रीच द्या. मी म्हटलं, पिशवी हातात असू दे, पण हाडात रॉड बसल्यावर सुरू करू. आधी दिलं तर त्यातलं काही मांडीतच जाईल. शेवटी माझं ऐकलं गेलं, ते अट घालून: पिशवी थिएटरमध्ये आल्याशिवाय भूल सुरू करायची नाही.

काही पर्याय चर्चेतच गळाले. प्लेटलेट चढवणं: क्लोपिडोग्रेलवर असलेल्याला त्याचा फायदा पक्का नाही, स्टेंटला धोका, खर्चही मोठा. रक्तदाब मुद्दाम खाली ठेवून शस्त्रक्रिया करणं: तरुण माणसात ठीक, इथे हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही उपाशी राहिली असती. गेलेलं रक्त गोळा करून परत देणारं यंत्र: बाटलीत येणारं रक्तच इतकं थोडं की त्याचा उपयोग नाही.

केलेली कृती

रक्ताची सोय ही सोलापुरात मे महिन्यात स्वतंत्र कामगिरी असते. कॉलेजं बंद, शिबिरं कमी, रक्तपेढ्यांचे फ्रीज अर्धे रिकामे. गट ओ पॉझिटिव्ह, म्हणून निदान शोधाशोध नव्हती. पाळी सुटल्यावर मुलाच्या कारखान्यातले दोघे-तिघे थेट रक्तपेढीत आले. एक पिशवी क्रॉसमॅच होऊन हातात, दुसरी राखीव. महात्मा फुले योजनेची मंजुरी दुपारपर्यंत आली.

ब्लॉक गुरुवारी दुपारी दोनला दिला. त्यानंतर आजी पहिल्यांदा डोळे मिटून पडल्या. वेदना थांबल्या की रुग्ण तळमळत नाही, आणि तळमळ थांबली की हाडाची टोकंही हलायची थांबतात, म्हणून हा ब्लॉक मी रक्त वाचवण्याच्याच उपायांत धरतो. पाय उशीवर नीट आधार देऊन ठेवला. बेडपॅन देताना दोन जणांनी मिळून उचलायचं, एकट्या मावशीने नाही, हे सिस्टरांना बजावून सांगितलं.

शुक्रवारी सकाळी थिएटरमध्ये गेलो तर एसी सोळावर. मे महिन्यात हे ठरलेलं असतं: गाउन आणि शिशाचा एप्रन घातलेली सगळी मंडळी घामाघूम, आणि टेबलावर पातळ कापडाखाली ४६ किलोची म्हातारी. शरीर थंड पडलं की प्लेटलेट नीट काम करत नाहीत आणि रक्त गोठवणारी प्रथिनंही मंदावतात. एसी चोवीसवर आणला. थोडी कुरकुर झाली. गरम हवेचं ब्लँकेट छातीवर, सलाइन आणि रक्त दोन्ही गरम करूनच. घरून आणलेली चादर थिएटरच्या दारापर्यंत आजींच्या अंगावर होती आणि रिकव्हरीत लगेच परत घातली. बाहेर पडताना तापमान ३६.२ होतं.

ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड चीर देण्याआधी, दहा मिनिटांत सावकाश. घाईत ढकललं तर रक्तदाब झपकन पडतो.

इथे थोडं विषयांतर करतो. या औषधाचा अँप्यूल आणि पाठीत द्यायच्या भुलेच्या औषधाचा अँप्यूल दिसायला सारखे असू शकतात. चुकून हे औषध पाठीत गेलं तर न थांबणारे झटके येतात आणि अनेक रुग्ण दगावलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली याबद्दल इशाराही दिला. आमच्याकडे ट्रॅनेक्झॅमिक भुलेच्या ट्रॉलीवर ठेवतच नाहीत, ते वेगळ्या कपाटात असतं आणि मागितल्यावर सिस्टर नाव मोठ्याने वाचून हातात देतात. या केसमध्ये पाठीत सुई नव्हतीच, तरी शिस्त तीच पाळली.

सर्जनने फ्रॅक्चर टेबलावर पाय ओढून, सी-आर्म या थिएटरमधल्या एक्स-रे यंत्राखाली हाड आधी बाहेरूनच जुळवून घेतलं. यात वीस मिनिटं गेली. बघणाऱ्याला वेळ फुकट जातोय असं वाटतं. पण हाड जुळल्याशिवाय चीर दिली की मग जखम उघडी ठेवून ओढाताण चालते आणि रक्त तिथे जातं. तीन सेंटिमीटरच्या चिरेतून आखूड पीएफएन (हाडाच्या नळीत बसणारा रॉड) घातला. लांब रॉडसाठी हाडाची नळी खालपर्यंत कोरावी लागते, तिथून आणखी रक्त येतं. इथे फ्रॅक्चर खाली उतरलेलं नव्हतं, म्हणून आखूड पुरला. प्लेट आणि स्क्रूचा पर्याय सर्जनने या अस्थिर फ्रॅक्चरसाठी नाकारला. रॉडच्या बाजूने बोलताना एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: चीर लहान म्हणून रक्त कमी जातं, असं समजणं चूक आहे. रॉडच्या शस्त्रक्रियेत बाहेर दिसणारं रक्त कमी आणि आत लपणारं जास्त असतं.

चीर ते टाके ४८ मिनिटं. सरासरी रक्तदाब ७० च्या खाली जाऊ दिला नाही. रॉड बसल्यावर पिशवी सुरू केली. ड्रेन ठेवला नाही. वापरलेले गॉज तराजूवर मोजले (एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर), बाटलीतून धुण्याचं पाणी वजा केलं. दिसलेलं रक्त २०० मिलिलिटर.

पुढे काय झालं

रिकव्हरीत हिमोग्लोबिन ८.६. सगळे खूश. सर्जन तर म्हणाले, "रक्त गेलंच नाही."

शनिवारी सकाळी ८.०. रविवारी सकाळी ७.४, बसवल्यावर चक्कर, नाडी ११२. दुसरी पिशवी दिली. सोमवारी ८.६, आणि त्यानंतर खाली गेलं नाही.

याचा हिशेब मांडून पाहू. शस्त्रक्रियेआधीचं खरं हिमोग्लोबिन ८.२. एका पिशवीने साधारण १ ग्रॅम वाढतं, आजींच्या वजनाला १.२ धरा. म्हणजे ९.४ व्हायला हवं होतं, झालं ७.४. तीन लिटर रक्तात २ ग्रॅमची घट म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास रक्त. त्यातलं २०० आम्ही मोजलं. उरलेलं साडेपाचशे मांडीत. आणि मंगळवार ते गुरुवार जे गेलं ते यात नाहीच. हा अंदाज ढोबळ आहे, सलाइनने रक्त किती पातळ झालं त्यावर तो हलतो, पण प्रमाण डोळ्यांत भरण्यासारखं आहे.

ट्रॅनेक्झॅमिक दिलं नसतं तर किती गेलं असतं? एका रुग्णावरून हे सांगता येत नाही, आणि "आमच्या इंजेक्शनने रक्त वाचलं" असं जो एका केसवरून म्हणतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. गंभीर रक्तस्रावाचं प्रमाण हजारो लोकांत थोडं कमी होतं, इतकंच आपल्याला माहीत आहे. आजी त्या थोड्यांत होत्या की नाही, कोण जाणे.

गुठळी होऊ नये म्हणून एनोक्झापॅरिन शस्त्रक्रियेनंतर १२ तासांनी सुरू केलं, नेहमीच्या ४० ऐवजी २० मिलिग्रॅम. पायांना दाब देणारा पंप होताच. शनिवारी रात्री आजी गोंधळल्या, सिस्टरला कुणीतरी नात्यातली समजून तेलुगूत हाका मारत राहिल्या. सुनेला रात्री शेजारी बसू दिलं, दिवा चालू ठेवला, झोपेचं औषध दिलं नाही. दोन दिवसांत निवळलं. छातीत दुखणं नाही, ईसीजीत बदल नाही, पायाला सूज नाही.

वॉकर धरून उभं करणं सोमवारी जमलं, ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा. शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी घरी गेल्या.

यातला एक धागा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फाइलमधलं ११.४ आणि आलेलं ९.१ यांतला फरक फक्त मांडीतल्या रक्ताने भरून निघत नव्हता. लाल पेशींचा आकार लहान होता, म्हणजे लोह बऱ्याच महिन्यांपासून कमी. शौचाच्या तपासणीत न दिसणारं रक्त सापडलं. अडीच वर्षं दोन रक्त पातळ करणारी औषधं, पोटाचं संरक्षण करणारी गोळी एकही नाही. आजी पडण्याच्या कितीतरी आधीपासून थेंबाथेंबाने रक्त गमावत होत्या, आणि त्या अशक्तपणामुळेच मोरीत तोल गेला नसेल असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. क्लोपिडोग्रेल कायमचं बंद झालं, पॅन्टोप्रॅझोल सुरू झालं, शिरेतून आयर्न सुक्रोज एक दिवसाआड देऊन घरी पाठवलं. लोहाचा परिणाम दिसायला आठवडे लागतात. या शस्त्रक्रियेला त्याचा काहीच उपयोग नव्हता, पुढच्या चालण्याला होता.

सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.३. तीन महिन्यांनी आजी काठीवर चालत होत्या. जमिनीवर मांडी घालून बसायला सर्जनने मनाई केली होती. म्हणून खुर्चीवर बसून, सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला सुरुवात केली होती. "बसून खायाचं कसं जमंल बाळा," असं त्यांचं म्हणणं.

वेगळं काय करता आलं असतं

ब्लॉक सकाळी सातला आल्या आल्या देता आला असता, दुपारी दोनला दिला. ते सात तास कुणाच्या निष्काळजीपणाने गेले नाहीत. सोनोग्राफी यंत्र थिएटरमध्ये होतं आणि ते खाली आणायची पद्धत नव्हती. आता एक यंत्र कॅज्युअल्टीजवळ असतं, आणि ड्यूटीवरचे रेसिडेंट ब्लॉक शिकले आहेत.

इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) तीन तास गेले. हृदयाचा ठोका, श्वास, फुफ्फुसं ठीक असताना आणि जुना इको फाइलमध्ये असताना नव्या इकोने निर्णय बदलणार नव्हता. तो बदलणार असेल तरच मागवायचा, नाहीतर शस्त्रक्रियेनंतर करायचा. तरीही इतकं सांगतो की शुक्रवारी सकाळची वेळ इकोमुळे ठरली नाही. गुरुवारी संध्याकाळीच घेता आलं असतं का? रक्ताची पिशवी साडेसहाला आली. दिवसाउजेडी, तोच अनुभवी सर्जन आणि पूर्ण टीम मिळावी म्हणून सकाळपर्यंत थांबलो, आणि तो निर्णय मी पुन्हा तसाच घेईन.

हाड बसवणाऱ्याकडे गेलेला दिवस कुटुंबाच्या माथी मारून मोकळं होणं सोपं आहे. त्यांच्या लेखी तो जवळचा, स्वस्त आणि ओळखीचा माणूस होता, आणि मुरगळलेला पाय त्याने घरातल्या दोघा-तिघांचा बरा केलेला होता. तेव्हा "तिकडे जाऊ नका" असं नुसतं बजावून भागत नाही. पडल्यावर म्हातारं माणूस उभं राहू शकत नसेल आणि पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर चोळू नका, ओढू नका, आहे तसं सरळ एक्स-रेला आणा, एवढं वाक्य सूनबाईंच्या वस्तीत आशा ताईंमार्फत पोहोचवायचं आम्ही ठरवलं. किती पोहोचलं ते सांगणं कठीण आहे.

शस्त्रक्रियेनंतरची तपासणी. रिकव्हरीतल्या ८.६ वर सगळ्यांनी निश्वास टाकला, पण नुकतीच पिशवी चढलेली असताना तो आकडा काहीच सांगत नाही. शनिवारी सकाळी ८.० आल्यावर संध्याकाळी पुन्हा पाहायला हवं होतं. ते थेट रविवारी सकाळी पाहिलं गेलं, आणि तोवर आजींना बसवून चक्कर आलेली होती. आता ट्रोकँटरच्या प्रत्येक रुग्णाचं हिमोग्लोबिन शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ होतं. चार तपासण्यांचा खर्च एका पिशवीपेक्षा कमी आहे.

राहिला तो रक्त आधी द्यायचं की नंतर, हा वाद. फिजिशियन अजूनही म्हणतात की आदल्या रात्री एक पिशवी दिली असती तर रविवारची चक्कर टळली असती आणि आजी एक दिवस आधी उभ्या राहिल्या असत्या. माझं म्हणणं, तरीही एकूण दोनच पिशव्या लागल्या असत्या, किंवा तीन. दोघांच्याही बाजूला पुरावा तोकडा आहे. पुढच्या अशा रुग्णाला, हिमोग्लोबिन ८.५ च्या खाली आणि स्टेंट असेल तर, त्यांच्या पद्धतीने जाऊन पाहायचं आम्ही मान्य केलं आहे.